दिवाळीनंतर क्लास रिकामा का होतो?

प्रश्न : ताई नमस्कार. मी चिपळूणला तबल्याचा क्लास घेतो, घराच्या वरच्या मजल्यावर. चार वर्षं झाली, माझं वय २६, विशारद झालंय. दर जूनला वीस-बावीस मुलं येतात, बरीचशी गणपतीत वाजवायला मिळेल म्हणून, आणि दिवाळीची सुट्टी संपली की आठ-नऊच उरतात. फी कमी करून पाहिली, तीन महिन्यांची एकदम घेऊन पाहिली, काही उपयोग नाही. पालक म्हणतात अभ्यास वाढलाय, मुलं म्हणतात बोअर होतं. माझं शिकवणं चुकतंय का?

उत्तर : वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. शिकवणं चुकतंय की नाही ते नंतर बघू, आधी एक काम कर, गेल्या वर्षीची हजेरीवही काढ. जी मुलं सोडून गेली त्यांच्या शेवटच्या महिन्यावर बोट ठेव. माझा अंदाज आहे की बहुतेकांच्या नावापुढे शेवटी दोन-तीन खाडे सलग असतील, मग एक हजेरी, आणि मग कायमचं कोरं. ती मधली एक हजेरी नीट बघ, कारण मूल त्या दिवशी परत आलं होतं आणि आपण त्याला ठेवून घेतलं नाही.

हे मी सांगतेय कारण माझ्याकडून झालंय. सहावीतला एक मुलगा होता, हात छान वळायचा. आजारी पडला, तीन आठवडे आला नाही. परत आला तेव्हा बॅच तीनतालाच्या दुगुनीवर, म्हणजे दुप्पट लयीवर, गेलेली. तो बायाँवर (डाव्या हाताने वाजवायच्या तबल्यावर) नुसता हात ठेवून बसला होता, वाजवत नव्हता, बाकीच्यांच्या बोटांकडे बघत होता. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, अरे कुठे होतास, सगळे पुढे गेले बघ. बस, एवढंच, रागावलेपण नव्हते. पुढच्या आठवड्यात त्याची आई आली, तबल्याखाली ठेवायच्या त्याच्या दोन चुंबळी क्लासमध्ये राहिल्या होत्या त्या न्यायला. तिनेच जुन्या साडीच्या शिवलेल्या होत्या, हिरव्या काठाच्या. म्हणाली, त्याला आता नको वाटतंय. त्या चुंबळी तिच्या हातात देताना मला जे वाटलं ते वीस वर्षांनी पण तसंच वाटतं.

आता माझा एक नियम आहे. मूल एक दिवस आलं नाही की त्याच रात्री त्याला (आईला नाही, त्याला) व्हॉइस मेसेज, आज आपण एवढं केलं, आणि ते बोल ठायीत, म्हणजे संथ लयीत, वाजवून वीस-तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग. आणि परत येईल त्या दिवशी त्याला पंधरा मिनिटं आधी बोलवायचं, बॅच यायच्या आत त्याचा हात बसवून घ्यायचा. बाकीची मुलं येतात तेव्हा तो आधीच वाजवत असतो, त्याचा चेहराच वेगळा असतो. माझ्याकडे गळती सगळ्यात जास्त कशाने थांबली असेल तर या पंधरा मिनिटांनी, फीने नाही. तीन महिन्यांची फी आधी घेतली की पैसे राहतात, मूल राहत नाही. ते सोड.

गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हापासून गाणंबजावणं वर्गात बसून, अभ्यासक्रम ठरवून शिकायची वाट मोठी झाली, आणि आपल्यासारख्या साध्या घरातल्या मुलामुलींना त्याचा फायदाच झाला. पण गुरूच्या घरी राहून शिकणाऱ्याच्या कानावर दिवसभर ठेका पडायचा. आपल्या मुलांचे आठवड्याला दोन तास, बाकीचे दिवस ते एकटे. त्यातही निम्म्या मुलांकडे घरी तबला नसतो, जोडी घ्यायची म्हणजे पाच-सहा हजारांच्या पुढेच गोष्ट जाते, आणि आपण विचारतो रियाज केला का! म्हणून घरचा रियाज हातावर दे. टाळी-खाली देत पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, रोज दहा मिनिटं, जेवायच्या आधी. तुझ्याकडे एखादी जुनी जोडी पडली असेल तर शाई (पुडीवरचा काळा गोल) बघून घे, ठीक असेल तर ती आठवड्याला एकेका मुलाच्या घरी फिरव, ज्याची पाळी असेल त्याच्या घरातले सगळे ऐकायला बसतात, मी बघितलंय.

आता बोअरचं. मुलं बोअर म्हणतात तेव्हा त्यांना विचारून बघ की जून ते सप्टेंबर त्यांनी कशाबरोबर वाजवलं. उत्तर बहुतेक "कशाबरोबरच नाही" असेल. धा धिं धिं धा चार महिने, कोरडं. तीनताल सोळा मात्रांचा, लहान मुलाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, लांब वाटते, कधी येते तेच कळत नाही. दादरा सहा मात्रांचा, धा धी ना, धा ती ना, पहिल्याच महिन्यात हातात बसतो, आणि लगेच कुणीतरी पेटीवर गाणं धरलं की मूल साथ करतं. मग केरवा. साथ केली की त्याला कळतं आपण कशासाठी बसलोय. निकास, म्हणजे बोलाचा आवाज नीट निघणं, सुधारायला तीनतालाचं काम चालू ठेवच, ते सोडायचं नाही, पण प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटं कशाबरोबर तरी वाजवण्याची. लेहऱ्याचं (तालासाठी पुन्हापुन्हा वाजणाऱ्या सुरावटीचं) ॲप असलं तरी चालेल, माणूस असला तर फारच चांगलं. गावात कुणी पेटी शिकवत असेल तर महिन्यातून एकदा दोन्ही क्लास एकत्र बसवा.

गणपतीसाठी आलेली मुलं गणपती झाल्यावर जाणार यात त्यांची काय चूक रे, तू त्यांना पुढचं काही दाखवलंच नाहीस ना. सप्टेंबरातच सांगून टाक की डिसेंबरात दत्तजयंतीला देवळात भजनाला आपला क्लास साथ करणार, आणि कोण कुठलं भजन वाजवणार ते दिवाळीच्या सुट्टीआधी ठरव, नावं लिहून भिंतीवर लाव. सुट्टीत सुद्धा मूल ते भजन गुणगुणतं. परीक्षा आहेतच, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, वर्षातून दोनदा होतात, त्याने शिस्त लागते, पण नुसत्या परीक्षेवर क्लास चालवलास तर सर्टिफिकेट हातात पडलं की मूल मोकळं.

नववी-दहावीच्या पालकांशी भांडू नकोस. आठवड्याला एकच दिवस, परीक्षा नाही, नवा कायदा (तबल्यावरची रचना) नाही, हात राहील एवढंच, असं स्वतःहून सांग. शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्याचे नियम शाळेतून नीट विचारून घे आणि मग पालकांना सांग. आणि बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी तुझा फोन गेला पाहिजे.

प्रश्न : मी पुण्यातून न्यू जर्सीतल्या मराठी मुलांना झूमवर पेटी शिकवते. दर नोव्हेंबरात दोन-तीन मुलं गळतात. सगळे मिळून वाजवायला गेलं की गोंधळ होतो, मुलं कंटाळतात.

उत्तर : नोव्हेंबरचं कारण घड्याळ असू शकतं ताई. त्यांची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे. आपलं तेच राहतं. म्हणजे साडेनऊ तासांचा फरक साडेदहा होतो. क्लास आपल्या वेळेनेच चालू ठेवला तर तिकडे एक तास अलीकडे येतो, आणि तो नेमका स्विमिंगवर किंवा झोपेवर. ऑक्टोबरातच आयांना विचारून वेळ पक्की करा, त्यांच्या घड्याळाने.

एकत्र वाजवणं झूमवर जमणारच नाही, आवाज पोचायला उशीर होतो, त्यात कुणाची चूक नाही, तो हट्ट सोडून द्या. बाकीच्यांना म्यूट करून एकाने वाजवायचं, बाकीच्यांनी आपापल्या घरी त्याच्याबरोबर. झूमच्या सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड चालू करायला सांगा, नाहीतर ते पेटीचा लांबलेला सूर गोंगाट समजून दाबून टाकतं आणि मुलाला वाटतं आपलंच बेसूर येतंय. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाकडून एकेक ओळ रेकॉर्ड करून मागवा, एकामागे एक जोडा आणि आजी-आजोबांना पाठवा. आजीचा फोन आला की ते मूल पुढच्या क्लासला पाच मिनिटं आधीच पेटी उघडून बसलेलं असेल.