उजव्या छातीवरचा निळा तुकडा

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीत नेलेल्या युक्रेनियन स्त्रियांवर आमचा विद्यार्थ्यांचा गट मूक सादरीकरण बसवतो आहे. पाचजणी प्रेक्षकांसमोर कपड्यावर ‘ओस्ट’चा (OST) बिल्ला, जो या स्त्रियांना सक्तीने लावावा लागे, शिवतील. पट्ट्यांचे कैदी-वेश भाड्याने मिळताहेत. घ्यावेत का?
– एक वाचक, म्युनिक

उत्तर : घेऊ नका. पट्ट्यांचा वेश छळछावणीतल्या कैद्यांचा. कीव्हहून पहिली गाडी जानेवारी १९४२मध्ये सुटली. त्यानंतर नेलेल्या या मुली, बऱ्याचशा विशीच्या आतबाहेरच्या, स्वतःच्याच कपड्यांत राबल्या. कारखान्यात, शेतावर, जर्मन घरांत मोलकरीण म्हणूनही. साधा सुती झगा, जाड जाकीट आणि डोक्याला रुमाल पुरे.

बिल्ला मात्र काटेकोर हवा. निळी जमीन, पांढरी किनार, पांढरी अक्षरे. जर्मनमध्ये ‘ओस्ट’ म्हणजे नुसते ‘पूर्व’. गाव, देश, भाषा सगळे त्या एका शब्दात पुसले. सात-आठ सेंमीचा चौकोन घ्या, दुमडायला चारही बाजूंनी एकेक सेंमी जादा ठेवा. निळे कापड आधी दोनदा धुवा, नाहीतर रंग सुटून पांढरे डागाळते. अक्षरांचा रंग पातळ केलात तर तो फुटतो, घट्टच ठेवा.

जागा उजव्या छातीवर. इथेच हमखास चूक होते: समोर बसलेलीचे किंवा आरशातले पाहून सराव केला की बिल्ला डावीकडे जातो, आणि डावीकडे तर ज्यूंना पिवळा तारा लावायला लावत. दोन वेगळ्या यातनांची सरमिसळ नको. जाकिटावर आधीच खडूने खूण करा.

अंगावरच्या कपड्यावर शिवू नका, सुई टोचते. जाकीट मांडीवर घेऊन धावदोरा घाला, मग चढवा. विणलेल्या टी-शर्टवर चुण्या पडतात आणि बिल्ला लोंबतो. चार बाजूंना दहा-पंधरा मिनिटे लागतील. तेवढा वेळ जाऊ द्या, संगीत घालू नका. दोरा तोडल्याचा आवाज ऐकू यायला हवा.

१९४५च्या सुटकेवर मात्र शेवट करू नका, ही आमची कळकळीची विनंती. परतलेल्यांना सोव्हिएत चौकशी छावण्यांतून जावे लागले, देशद्रोहाचा संशय मागे लागला, म्हणून अनेकजणी वर्षानुवर्षे गप्प राहिल्या. जर्मन नुकसानभरपाईचा निधी उभा राहिला २००० साली. म्हणून सादरीकरणाच्या शेवटी प्रत्येकीने शिवलेला बिल्ला एकेक टाका उसवून काढावा, घडी करून खिशात ठेवावा आणि काही न बोलता निघून जावे. जाकिटावर उरलेली सुईची भोके पहिल्या रांगेला दिसतील इतका उजेड ठेवा.