इलेक्ट्रॉनिक म्युझिक ऐकायला सुरुवात कुठून करू?

प्रश्न: मला इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हणजे नुसती धडधड वाटते, पण मित्र म्हणतो एकदा नीट ऐक. कुठला अल्बम घेऊ?

उत्तर: डाफ्ट पंकचा 'होमवर्क' घ्या, १९९७ चा, त्यांचा पहिलाच. मला या संगीताची गोडी लागली ती यानेच. पॅरिसमधली दोन पोरं, तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल, आणि बरंचसं काम तोमाच्या घरी बेडरूममध्ये केलेलं, म्हणून तर हे नाव! 'अराउंड द वर्ल्ड'पासून सुरू करा. सात मिनिटं शब्द तेच तीन, पण तुम्ही शब्द सोडा आणि खालचा बेस, म्हणजे तो जाड, खोल सूर, पकडा, तो कसा चालतो, मधेच काय गायब होतं, काय परत येतं, हे कळायला लागलं की पाय आपोआप हलतात, खरंच. 'टीचर्स'मध्ये तर ते ज्यांच्याकडून शिकले त्यांची नावंच घेतात, त्यात शिकागोचे हाऊसवाले (हाऊस म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार) कितीतरी, तिथून पुढची वाट सापडते. 'रोलिन अँड स्क्रॅचिन' मात्र फार कर्कश, पहिल्या दिवशी नकोच. आणि मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका हो, बेसच येत नाही त्यात, साधे का होईना हेडफोन लावा.