तिसऱ्या उसळीला पुढचं चाक का मोडतं?

वारा नव्हता, धावपट्टी कोरडी, तरी सेसना १७२ हे छोटं विमान टेकल्यावर तीनदा उसळलं आणि पुढचं चाक मोडून नाकावर बसलं, हे कसं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय फक्त प्रोपेलर बदलून भागेल का?

माझा पहिला संशय वेगावर. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) पूर्ण खाली असताना हे विमान साधारण ६० ते ६५ नॉटनं (नॉट हे वेगाचं एकक) उतरायला यावं. ते ७५ नं आलं, तर ६५ च्या मानानं ऊर्जा एक तृतीयांशानं जास्त, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. मग विमान खाली बसतच नाही, तरंगत राहतं. धावपट्टी भराभर मागे सरकायला लागते, पायलटचा धीर सुटतो आणि तो योक, म्हणजे नाक वरखाली करायचं हँडल, पुढे दाबतो. इथेच घात होतो. मागची चाकं टेकायच्या आधी पुढचं आपटतं, नाक वर उडतं आणि पंखांना पुन्हा उचल मिळते. पायलट परत नाक दाबतो, पण तोवर विमान स्वतःहून खाली यायला लागलेलं असतं. म्हणून दुसरी उसळी पहिलीपेक्षा वाईट, तिसरी त्याहून. मागच्या चाकांचे पाय दणका सोसायला केलेले असतात. पुढचं नाजूक, त्याचा दणका थेट इंजिनमागच्या फायरवॉलला बसतो.

शिकत असताना मीही हेच केलंय. दुसऱ्या उसळीला इन्स्ट्रक्टरनी माझ्या हातावर हात ठेवून थ्रॉटल, म्हणजे इंजिनची पॉवर वाढवायचा दांडा, पूर्ण पुढे सारला आणि एवढंच म्हणाले, "दाबू नकोस, धर." उतरल्यावर पाहिलं तर तळहातावर योकचे वळ उठले होते!

उसळी लहान असेल तर नाक आहे तसं धरायचं, किंचित पॉवर द्यायची, विमान आपसूक बसतं. मोठी असेल तर विचार करत बसू नये: पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप आधी २० अंशांवर, वेग आला की पूर्ण वर, आणि पुन्हा उडून नवी फेरी. फक्त पूर्ण पॉवरला नाक जोरात वर येतं, तेवढं मात्र दाबून आवरावं लागतं.

प्रोपेलरचं म्हणाल तर नाही, तेवढ्यानं भागणार नाही. फिरतं पातं जमिनीला लागलं की झटका इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत, क्रँकशाफ्टपर्यंत जातो. इंजिन नंतर सुरळीत चाललं तरी ते उघडून तपासावं लागतं. फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुती पडलीय का, तेही बघायला सांगा.