जुना कमोड काढायचाय, टाकायचा कुठे?

प्रश्न: ताई, आमचा कमोड बुडाशी तडकलाय, फ्लश केलं की फरशीवर पाणी येतं. नवीन घ्यायला गेलो तर दुकानदार विचारतो एस ट्रॅप की पी ट्रॅप, आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. आणि जुन्याचं काय करायचं? हे म्हणतात हातोडा दे, पाच मिनिटात तुकडे करून कचऱ्यात टाकतो.

उत्तर: आधी तो हातोडा लपवून ठेवा. चिनी मातीचे तुकडे काचेसारखे धारदार असतात आणि बाथरूममध्येच फोडलंत तर त्यातला एखादा हमखास ड्रेनेजच्या भोकात जाणार, मग नवीन कमोड बाजूला आणि चोकअप काढायचं काम पुढ्यात.

आता ट्रॅपचं. घाण पाणी खाली फरशीत जात असेल तर एस, मागे भिंतीत जात असेल तर पी. एस असेल तर टाइल्स लावलेल्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. ९ इंचाच्या भोकावर १२ इंचाचा कमोड आणलात तर टाकी भिंतीला अडणार, उलटं केलंत तर मागे ३ इंचाची फट, जिथे झाडूही जात नाही. रंग-डिझाइन नंतर बघा हो, हे माप आधी.

काढताना अँगल कॉक (टाकीत पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद, मग फ्लश करून टाकी रिकामी करा, तळाचं पाणी मगाने नि स्पंजने काढा. तरी आतल्या वाकणात थोडं राहतंच, उचलताना पायावर येतं, म्हणून जुनी चप्पल घाला. टाकी वेगळी असेल तर ती आधी सोडवा आणि भांडं दोघांनी मिळून उचला, एकट्याने कंबर मोडून घेऊ नका. उचलल्या उचलल्या भोकात जुन्या कापडाचा मोठा बोळा, दोरी बांधून. वाकणातलं पाणी गटाराचा गॅस अडवत असतं, भांडं गेलं की तो सरळ घरात येतो.

टाकायचं म्हणाल तर सीट-झाकण प्लास्टिकमध्ये, बोल्ट नि पितळी पार्ट भंगारात. भांडं मात्र काचेच्या बाटल्यांबरोबर अजिबात नको, बाटल्या वितळतात त्या तापमानाला चिनी माती वितळत नाही आणि सगळी काच वाया जाते. ते बांधकामाच्या राडारोड्यात द्यायचं, चुरा भरावाला वापरता येतो. तुकडे करणं भागच असेल तर बाहेर, जाड गोणीत घालून, डोळ्यावर चष्मा लावून. आधी ब्लीचने धुवा, पण त्यात टॉयलेटचं अ‍ॅसिड मिसळू नका, क्लोरीन गॅस होतो. कुणीतरी त्यात झाडं लावा असंही सुचवेल, मला तरी त्या कुंडीतली मिरची खाववणार नाही.

नवीन बसला की बुडाभोवती टिश्यू पेपर ठेवून चार-पाच वेळा फ्लश करा, कोरा राहिला तरच सिलिकॉन भरायला सांगा. मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी सोडा, पुढेमागे लीक झालं तर पाणी तिथून दिसेल, आतल्या आत मुरत बसणार नाही.