पुन्हा हाती कॅमेरा घेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. १९८९ साली निकॉनचा एफएम२ घेतला आणि त्याच्यासोबतच्या ५० मिमी एफ/१.८ लेन्सवर पुढची पंधरा वर्षे देवळांतले उत्सव, जत्रेतली नाटके, दशावतारी काला असे पुष्कळ टिपले. पुढे गावातले रोल धुऊन देणारे दुकान बंद झाले, संसाराचा व्याप वाढला आणि कॅमेरा कपाटात गेला. आता पुन्हा सुरुवात करायची आहे. दुकानदार दोन झूम लेन्सचा संच घ्या म्हणतात, तर मुलगा म्हणतो की फोन पुरेसा आहे. खर्च लाखाच्या आत ठेवायचा आहे. माझी जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालेल का? चोडणला जाऊन पक्षी टिपण्याचीही इच्छा आहे. — एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : आपण पूर्वी काय टिपत होतात हे पत्रात नेमके लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे बरेच सोपे झाले. समईच्या उजेडातला सभामंडप, पालखीपुढची दिवटी, जत्रेच्या रंगमंचावरचे पिवळट दिवे हे सगळे विषय अपुऱ्या प्रकाशातले आहेत. म्हणून आपल्या निवडीची कसोटी एकच ठेवावी, ती म्हणजे कमी उजेडात हलत्या माणसाचे चित्र किती स्वच्छ येते. मेगापिक्सेलचा विचार करू नये. २४ मेगापिक्सेलच्या चित्राची छपाई इंचाला ३०० बिंदू धरूनही सुमारे २० × १३ इंच होते, आणि एवढे मोठे चित्र आपण भिंतीवर वर्षातून किती वेळा लावणार आहोत?

या कसोटीवर दुकानदाराचा संच उतरत नाही. अशा संचातल्या छोट्या झूम लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर लांब टोकाला बहुधा एफ/५.६ किंवा एफ/६.३ एवढेच उघडते (एफपुढचा आकडा जेवढा मोठा, तेवढे छिद्र लहान). एफ/१.८ च्या तुलनेत एफ/६.३ वर प्रकाश जवळजवळ बारा पट कमी मिळतो. म्हणजे जिथे आपली जुनी लेन्स सेकंदाच्या साठाव्या भागात चित्र घेईल, तिथे त्याच आयएसओवर, म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देण्याच्या त्याच पातळीवर, या झूमला सेकंदाचा पाचवा भाग लागेल, आणि तेवढ्या वेळात काल्यातला संकासूर रंगमंचाच्या निम्म्यापर्यंत पोचलेला असेल. हाताचा कंप सावरणारी व्यवस्था आता पुष्कळ कॅमेऱ्यांत व लेन्समध्ये असते आणि ती खरोखर उपयोगाची आहे. परंतु ती आपला हात सावरते, नटाची हालचाल थांबवत नाही. या दोन गोष्टींची गल्लत दुकानात हमखास होते. दिवसाउजेडी, सहलीत किंवा घरच्या समारंभात तो संच उत्तम काम देतो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

आपली ५० मिमी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालेल. निकॉनने १९५९ पासून चालवलेला एफ माउंट (लेन्स बसवायचा जोड) आणि २०१८ मध्ये मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी आणलेला झेड माउंट वेगळे आहेत, मात्र कंपनीचा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर मध्ये बसवला की एफएम२ वरची लेन्स झेड कॅमेऱ्यावर लागते. अ‍ॅपर्चर लेन्सच्याच कड्याने बदलायचे, फोकस हाताने करायचा आणि लेन्सची माहिती कॅमेऱ्यात एकदा भरून ठेवायची. निकॉनचे काही जुन्या पद्धतीचे, आरसा असलेले डिजिटल कॅमेरे म्हणजे डीएसएलआरही ही लेन्स स्वीकारून प्रकाश मोजतात. डी६१०, डी७५० आणि डी७२०० ही त्यांतली नावे, तर डी३५०० आणि डी५६०० यांवर ती बसली तरी प्रकाशमापन होत नाही. तरीही मी आपल्याला डीएसएलआरकडे वळवणार नाही, आणि त्याचे कारण आपल्या डोळ्यांशी जोडलेले आहे. एफएम२ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध दुभंगलेली प्रतिमा जुळवून आपण फोकस करत होता. ती सोय डीएसएलआरच्या काचेवर नसते, त्यामुळे एफ/१.८ वर फोकस नेमका साधला की नाही हे साठीच्या डोळ्यांना कळणे अवघड जाते. मिररलेस कॅमेऱ्यात मात्र बटण दाबून चित्राचा हवा तो भाग मोठा करून पाहता येतो, आणि फोकसमधल्या कडा रंगाने उठून दिसतील अशीही व्यवस्था असते. व्ह्यूफाइंडरजवळची नंबर जुळवण्याची छोटी चकती दुकानातच फिरवून, चष्म्यासह आणि चष्म्याविना, दोन्ही प्रकारे पाहावे.

सेन्सरच्या, म्हणजे रोलच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पट्टीच्या, आकाराविषयी आपण विचारलेले नाही, पण इथे तो प्रश्न टाळता येत नाही. फुल फ्रेम सेन्सर आपल्या रोलच्या चौकटीएवढाच, ३६ × २४ मिमी असतो. निकॉनचा एपीएस-सी नावाचा लहान सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मिमी. लहान सेन्सरवर आपली ५० मिमी लेन्स ७५ मिमीसारखी वागेल आणि सभामंडपात पाठ खांबाला लागली तरी पालखी चौकटीत मावणार नाही. पंधरा वर्षांत डोळ्याला बसलेली चौकट जशीच्या तशी परत मिळावी, हे मला अशा पुनरागमनात फार मोलाचे वाटते. म्हणून माझी शिफारस अशी: २०२० मध्ये आलेल्या निकॉन झेड५ सारखा, कंप सावरणारा फुल फ्रेम कॅमेरा चांगल्या स्थितीत वापरलेला मिळतो का ते पाहावे, सोबत अ‍ॅडॉप्टर घ्यावा, आणि पहिले सहा महिने नवी लेन्स घेऊच नये. एफएम२ चे वजन ५४० ग्रॅम होते. हा जोड अ‍ॅडॉप्टरसह आठशे ग्रॅमच्या आसपास जातो, तेव्हा निर्णयापूर्वी तो दहा मिनिटे गळ्यात अडकवून उभे राहावे. मान किंवा मनगट कुरकुरले, तर हट्ट सोडून एपीएस-सी कॅमेरा आणि एफ/१.८ च्या आसपासची ३५ मिमी लेन्स घ्यावी.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले याचा आकडा विचारावा, एफ/१६ वर कोऱ्या आभाळाचे चित्र काढून त्यात काळे ठिपके दिसतात का ते पाहावे, आणि लेन्सही घेत असाल तर तिच्यातून टॉर्चचा उजेड आरपार टाकून पाहावा. नव्या वस्तूला पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी असल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपल्या मुलाचे म्हणणे दिवसाच्या प्रकाशापुरते बरोबर आहे. रात्री फोन अनेक चित्रे एकापाठोपाठ घेऊन ती जोडतो. समोरची वस्तू स्थिर असेल तर निकाल सुंदर येतो, पण शिमग्याच्या रोमटामेळात नाचणारी माणसे त्यात विरघळल्यासारखी दिसतात.

पक्ष्यांचा विषय तूर्त बाजूला ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन सलीम अली अभयारण्यातल्या खारफुटीत खंड्या पाहणे हा आनंद कॅमेऱ्याविनाही घेता येतो, परंतु तो टिपायला ४०० मिमीच्या पुढची लेन्स आणि चपळ ऑटोफोकस लागतो. तो खर्च आताच्या रकमेत कोंबला, तर देवळातल्या चित्रांसाठी काही उरणार नाही.

पावसाविषयी एक सावधगिरीची सूचना. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलच्या देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकाला रंगतो, आणि तिथे जाण्याचा मोह आपल्याला होणारच. कॅमेरा ओलाव्यापासून बऱ्यापैकी सुरक्षित असला, तरी जुन्या लेन्सच्या जोडापाशी रबराची कडा नसते. साधे प्लास्टिकचे आवरण रबर बँडने बांधून न्यावे आणि गर्दीत लेन्स बदलू नये.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसत आहेत. त्या कातडी पेटीत होत्या. आता त्या वापराव्यात का? मडगावमधल्या घरी नवा कॅमेरा कसा ठेवावा? — एक वाचक, मडगाव

उत्तर : ते धागे बुरशीचे आहेत. कातडे ओल धरून ठेवते, त्यामुळे ती पेटी आधी दूर करावी. थोडीशी बुरशी बहुतेक चित्रांत दिसतही नाही, मात्र समोरून उजेड आला की चित्र धुरकट होते. जाणकाराकडून लवकर साफ करून घेतल्यास लेन्स वाचू शकते. उशीर झाला तर बुरशीच्या स्रावाने काचेवरचा लेप खरवडला जातो आणि तो परत येत नाही. उन्हात ठेवण्याच्या घरगुती उपायाने धागे निघत नाहीत. शेजारच्या लेन्सला लागण होईल या भीतीने कुणी झोपमोड करून घेऊ नये, कारण बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात आणि ते रुजतात की नाही हे ओलाव्यावर ठरते.

म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत कॅमेरा कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा लहान मापक एवढी सामग्री पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावा. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. वातानुकूलित खोलीतून बाहेर निघताना कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्यावा, अन्यथा काचेवर दव धरते. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा तरी तो बाहेर काढून चार चित्रे घ्यावीत, मग ती खिडकीतून दिसणाऱ्या माडांची का असेनात.