ऊसतोड वस्तीवर पहिल्यांदा दिवाळी फराळ नेताना

ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर दिवाळीचा फराळ आणि कपडे वाटायचं काम तुम्ही हाती घेताय याचा मनापासून आनंद झाला. पहिल्या वर्षी एकच वस्ती धरा.

फराळ गोळा करायच्या आधी वस्तीवर जाऊन या. नवे लोक इथेच चुकतात: आधी पोती भरतात, मग घरं शोधतात. मुकादमाला, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्याला भेटा, पण यादी त्याच्यावर सोडू नका. कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, स्वतः मोजा, लहान मुलं किती, म्हातारी माणसं किती, ते बायकांनाच विचारा. पहाटेपासून सगळे उसाच्या फडात असतात आणि गाडी भरायला कधीकधी रात्र होते, त्यामुळे वाटपाची वेळ त्यांनीच ठरवावी.

देणाऱ्यांना स्पष्ट सांगा:
- चिवडा, शेव, शंकरपाळे, रव्याचे लाडू चालतील. खव्याचं आणि ओल्या नारळाचं नको.
- कपडे धुतलेले, बटणं-चेन शाबूत असलेले. स्वतःच्या भावाला देऊ शकाल असेच द्या.
- रोख रक्कम यंदा घेऊच नका. तेल, साखर, साबण आणून द्या म्हणावं.

प्रत्येक कोपीसाठी सारखी पिशवी आधीच बांधा, चार-पाच जास्तीच्या ठेवा. ट्रॉलीवर उभं राहून वाटप कधीही करू नका, झुंबड उडते आणि माणसांचा मान जातो. कोपीच्या दारात जाऊन हातात द्या. घेतानाचे फोटो नकोत, देणाऱ्यांनी कितीही मागितले तरी.

ट्रस्ट, पावत्या, मोठे देणगीदार हे पुढच्या वर्षी बघू. या रविवारी आधी वस्तीवर जाऊन या.