छोट्या पिस्टन विमानांना रिव्हर्स प्रोपेलर का देत नाहीत?

रिव्हर्स प्रोपेलर म्हणजे पाती उलट कोनात वळवून हवा पुढे ढकलणारा पंखा; उतरल्यावर विमानाचा वेग कमी करायला तो वापरतात. छोट्या विमानांना तो देत नाहीत, कारण त्याची गरज फारशी पडत नाही आणि धोका मात्र वाढतो. ५०-६० नॉटने (ताशी साधारण ९०-११० किमी) उतरणाऱ्या विमानाला चाकांचे ब्रेक पुरतात. शिवाय अशा बऱ्याच विमानांना उतरण्यापेक्षा उड्डाणालाच जास्त धावपट्टी लागते, म्हणजे रिव्हर्सने आखूड जागेत उतरलात तरी तिथून निघणार कसे?

खरी अडचण यंत्रणेची आहे. पाती उलट कोनात जाताना मध्ये जवळजवळ सपाट होतात. तेव्हा इंजिनावरचा भार उतरतो, आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) उघडा असेल तर आरपीएम (मिनिटाला फेरे) झपाट्याने चढतो. हवेत चुकून पाती तिथे गेली तर ओढ प्रचंड वाढते, शेपटीवरचा वारा तुटतो आणि विमान ताब्यात ठेवणं अवघड होतं. म्हणून हवेत पाती उलटी जाऊ नयेत यासाठी वेगळा लॉक लागतो. वजन, खर्च, देखभाल सगळंच वाढतं. जमिनीवर खडे उडून पात्यांच्या कडांना खाचा पडतात आणि वाऱ्याने थंड होणाऱ्या (एअर-कूल्ड) इंजिनाला थंड हवा मिळत नाही, हे वेगळंच.

अपवाद सीप्लेनचा, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा: पाण्यावर ब्रेक नसतात, त्यामुळे बंदराच्या धक्क्याला लागताना रिव्हर्स सोन्यासारखा. सेस्ना कॅराव्हॅनसारख्या टर्बोप्रॉपमध्ये (पिस्टनऐवजी टर्बाइन इंजिनावर पंखा फिरवणारं विमान) तो असतोच, पण हवेत वापरायला मनाई आहे.